पाळण्यातले पाय आणि टाकीचे घाव

(ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त खाकरणं आणि "म्हणजे, अं..." तेवढं काढलंय.)

बसमध्ये असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर शेतात मोटर सुरू करून बांधावर बसला असाल, तिथूनच ऐका. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्यात लढाई नाही, तह नाही, राजा आहे तोही जरासा. आजचा विषय आहे आईबाप. त्यातही एक छोटा प्रश्न: आपल्या आईबापांना आपल्यातलं चांगलं दिसलं का? आणि दिसलं असेल, तर ते आपल्याला कळलं का?

सुरुवात आमच्याकडून करू. बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका, हिवरा आश्रम. गावाच्या नावातच आश्रम आहे, कारण शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम उभा केला. आता त्याच्याभोवती शाळा आहे, कॉलेज आहे, शेतकी कॉलेज आहे. पौषात विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो आणि शेवटच्या दिवशी पंगत. पंगत म्हणजे साधी नाही. मोकळ्या शेतात माणसांच्या रांगाच रांगा, आणि मधून ट्रॅक्टर चालतात. ट्रॉलीत पुऱ्या, ट्रॉलीत वांग्याची भाजी. लहानपणी मला वाटायचं की जगात सगळीकडेच वाढपी ट्रॅक्टरवर असतात.

तर त्या पंगतीत बसलेल्या बहुतेकांना विवेकानंद म्हणजे शिकागो एवढंच माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. नंतर कधीतरी त्यांची संभाषणं वाचायला घेतली. शरच्चंद्र चक्रवर्ती नावाचे त्यांचे एक शिष्य होते. स्वामीजींशी झालेल्या गप्पा त्यांनी बंगालीत लिहून ठेवल्या. त्यात एके ठिकाणी स्वामीजी जे म्हणतात त्याचा आशय असा: आईबाप मुलाच्या मागे सारखे अभ्यासाचा लकडा लावतात, तुला काही येणार नाही, तू मठ्ठ आहेस असं म्हणत राहतात, आणि मुलं बऱ्याचदा खरोखर तशीच होऊन बसतात. त्याऐवजी गोड बोला, हिंमत द्या, मुलं हळूहळू सुधारतातच.

हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं बोलणं आहे. स्वामीजी १९०२ साली गेले. शिक्षणाबद्दल त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की रोप तुम्ही ओढून वाढवू शकत नाही. माती भुसभुशीत करा, कुंपण घाला, पाणी द्या, वाढायचं काम त्याचं त्याला करू द्या. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पण तोच शेतकरी घरी आल्यावर पोराला काय म्हणतो? "काहून रे, एवढेच मार्क?" शंभरातले ब्याण्णव आले तर गेलेल्या आठाची चौकशी आधी होते.

दोन म्हणी

मराठीत या विषयावर दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात.

पहिली: मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. म्हणजे जे आहे ते आधीपासून आहे. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा.

दुसरी: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हणजे जे आहे तो धोंडा आहे. फोडा, छिलून काढा, मग मूर्ती दिसेल.

आपल्या घरांमध्ये पहिली म्हण बारशाला वापरतात आणि दुसरी दहावीला.

आता जरा जगाकडे बघू. १९९८ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन नावाचे मानसशास्त्रज्ञ तिथल्या मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. ते सांगतात की त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीने एकदा बागेत काम करताना त्यांना चांगलंच सुनावलं: मी माझं रडं सोडू शकते, तर तुम्ही तुमची चिडचिड सोडू शकता. सेलिगमनना त्या वेळी उमगलं की या पोरीच्या चुका दुरुस्त करत बसणं हे आपलं काम नाही. तिने आत्ता जे दाखवलं, माणूस ओळखण्याची ताकद, ती वाढवणं हे काम आहे. पुढे २००४ मध्ये त्यांनी आणि क्रिस्टोफर पीटरसन यांनी माणसाच्या २४ गुणांची यादी केली: जिज्ञासा, चिकाटी, दयाळूपणा, विनोदबुद्धी वगैरे.

मग ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये, ली वॉटर्स यांनी हे पालकत्वाला लावलं. २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास आला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मुलांनाच विचारलं. तुमच्यात काय चांगलं आहे हे तुमच्या आईबापांना माहीत आहे का? आणि ते वापरायला ते तुम्हाला वाव देतात का? दोन वेगळे प्रश्न. एक ओळखण्याचा, एक वापरू देण्याचा. ज्या मुलांची उत्तरं "हो"च्या बाजूला होती, त्यांच्यावर ताण कमी होता. अर्थात यावरून कौतुक केलं की ताण जातो असं थेट सिद्ध होत नाही. आधीपासून निवांत असलेल्या मुलांना आईबापही बरे दिसत असतील. पण मुलांना विचारायचं ही पद्धत मला पटली, आणि मी ती इतिहासाला लावून बघायचं ठरवलं. आपल्याकडच्या थोर माणसांच्या आईवडिलांबद्दल आपण भरपूर ऐकतो. त्या मुलांनी स्वतः काय सांगितलं?

इथेच पहिली अडचण आली. आमच्या जिल्ह्यातच सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचं जन्मगाव. १२ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. योगायोग बघा, विवेकानंदांची इंग्रजी जन्मतारीखही १२ जानेवारीच. जिजाऊंनी शिवबाला कसं घडवलं यावर कीर्तनं आहेत, नाटकं आहेत, सिरियल आहेत. पण "माझ्या आईने माझ्यात काय पाहिलं" हे शिवाजी महाराजांनी लिहिलेलं आपल्या हातात नाही. त्यामुळे आपण जे सांगतो ते आईच्या बाजूने सांगतो, मुलाच्या बाजूने नाही. म्हणून मी अशा मुलांकडे गेलो ज्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

रमाबाई: ज्या मुलीला शिकवलं

अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थीदशेत पुण्यात होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरी बाईंना संस्कृत शिकवायला जात. बाई संस्कृत श्लोक म्हणते हे तरुण अनंतशास्त्रींनी पाहिलं आणि ते डोक्यात बसलं. पुढे त्यांनी आपल्या दुसऱ्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. समाजाने जाब विचारला. उडुपीला पंडितांसमोर उभं राहून त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून दाखवले. मग घाटातल्या जंगलात, गंगामूळला, जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला.

थोरल्या मुलीचं लग्न लहानपणी केलं होतं आणि ते फसलं होतं. त्यामुळे धाकटीच्या लग्नाची घाई केली नाही. वडील म्हातारे झाले होते, म्हणून आईने शिकवलं. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक लहान वयात पाठ झाले. पोरीची स्मरणशक्ती अफाट आहे हे या घराने ओळखलं आणि तिला वावही दिला. वॉटर्सबाईंचे दोन्ही प्रश्न विचारले असते तर रमाबाईंनी दोन्हींना "हो" लिहिलं असतं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी याच मुलीला "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं.

पण थांबा. रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष इंग्रजीत लिहिली. त्यात आईबद्दल अपार माया आहे. आणि त्याच लिखाणात दुष्काळाचीही हकीकत आहे. १८७४ च्या सुमाराला हे कुटुंब उपाशी फिरत होतं. आई, वडील थोड्या दिवसांच्या अंतराने गेले. रमाबाई लिहितात त्याचा मतितार्थ असा: आम्हाला भीक मागायची लाज होती, अंगमेहनत करणं कमीपणाचं वाटायचं, आणि पोट भरायची दुसरी कोणतीही विद्या आम्हाला शिकवलेली नव्हती. बाहेरच्या जगाचं ज्ञान घरात येऊच दिलं नव्हतं.

म्हणजे गुण ओळखला, तो वाढवला, आणि तरीही मुलगी मोठेपणी म्हणते की एका बाजूला दार बंद होतं. ती कृतज्ञही आहे आणि तक्रारही करते. दोन्ही खरं आहे. मला वाटतं हीच खरी मुलाची बाजू. आईबापांचं चरित्र लिहिणारा तिसरा माणूस यातलं एकच लिहितो.

विवेकानंदांच्या घरीही असंच काहीसं. वडील विश्वनाथ दत्त वकील, दिलदार, गाण्याचे शौकीन. नरेनचा आवाज ओळखून त्यांनी त्याला गाण्याची रीतसर तालीम दिली. १८८१ मध्ये रामकृष्णांची आणि नरेनची पहिली गाठ पडली ती नरेनला गायला बोलावलं होतं म्हणून. चरित्रात एक प्रसंग आहे. नरेनने एकदा वडिलांना विचारलं, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत? वडील म्हणाले, जा, आरशात बघ. आणि दुसरा प्रसंग: नरेन आईला काही उद्धट बोलला, तर वडिलांनी मारलं नाही, रागावले नाहीत. कोळशाने त्याच्या खोलीच्या दारावर लिहून ठेवलं की आज नरेनबाबू आईला असं असं बोलले. मित्र येऊन वाचत राहिले. यापेक्षा भारी शिक्षा मी ऐकलेली नाही.

पण १८८४ मध्ये वडील गेले आणि मागे कर्ज निघालं. पदवी झालेला, गाणारा, तर्कात कुणाला न ऐकणारा मुलगा नोकरीसाठी अनवाणी कलकत्त्यात फिरला. घरात खायला कमी आहे म्हणून "मला बाहेर जेवण आहे" असं खोटं सांगायचा. गुण ओळखला म्हणजे पोट भरेल असं नाही, हे रमाबाईंनाही कळलं आणि नरेनलाही.

रामजी सुभेदार: वडिलांचं उत्तर न पटलेला मुलगा

तिसरी साक्ष बाबासाहेबांची. वडील रामजी सकपाळ, लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत मास्तर, कबीरपंथी. परळच्या चाळीत एक खोली. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय की वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः झोपायचे. मुलाने पुस्तक मागितलं की आणायचेच.

१९५६ मध्ये, शेवटच्या वर्षी, बाबासाहेबांनी आपल्या बुद्धावरच्या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली. ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात छापली गेली नव्हती. त्यात ते लहानपणीची गोष्ट सांगतात. वडील घरात रोज रामायण-महाभारत वाचायला लावायचे. मुलाने विचारलं, ज्या ग्रंथांत आपल्याला कमी लेखलंय ते आपण का वाचायचे? वडिलांचं उत्तर साधारण असं होतं: आपण अस्पृश्य, तुझ्या मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे. तो जावा म्हणून वाचायचं. कर्ण बघ, द्रोण बघ, लहान स्थितीतून किती उंच गेले. वाल्मीकी बघ.

विचार करा मंडळी. बाहेर शाळेत हा मुलगा वेगळा बसतो, त्याला पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नाही. सगळं जग त्याला रोज सांगतंय की तू कमी आहेस. आणि घरी एक बाप ठरवून, रोज, वेळ लावून सांगतोय की तू कमी नाहीस. मेलबर्नमध्ये कुणी व्याख्या करायच्या कितीतरी आधी परळच्या चाळीत हे चालू होतं.

पण मुलाला काय वाटलं? बाबासाहेब स्पष्ट लिहितात की वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे दिसत होतं, पण समाधान झालं नाही. महाभारतातली माणसंच मला आवडत नव्हती. भीष्म, द्रोण, कृष्ण, कुणीच नाही. तसं वडिलांना सांगितलं, आणि वडिलांकडे त्यावर उत्तर नव्हतं. पुढे १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. मुलाला हवं ते उत्तर तिथे सापडायला सुरुवात झाली.

मला यात रामजींचं मोठेपण दिसतं. मुलगा तोंडावर म्हणतो की तुमचे नायक मला पटत नाहीत, आणि ते त्याला गप्प बसवत नाहीत. गुण वाढवायचा म्हणजे कधीतरी तो तुमच्यावरच चालून येणार, तेवढी तयारी ठेवायला लागते.

आणि याच हकीकतीत एक बारीक गोष्ट आहे, जी मी आधी दोनदा वाचून पुढे गेलो होतो. पुस्तकाला पैसे नसले की रामजी कुठे जायचे? लग्न झालेल्या मुलीकडे. एकीकडे नाही मिळाले तर दुसरीकडे. तिचा एखादा दागिना घ्यायचा, गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं, आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. ही गोष्ट आपण बापाच्या त्यागाची म्हणून सांगतो. ती आहेच. पण दागिना बहिणीचा होता. तिला काय वाटलं, हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. यावर परत येतो.

श्याम, आणि चीनमधला एक शब्द

आता दुसऱ्या म्हणीकडे. टाकीचे घाव.

साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत "श्यामची आई" लिहिलं. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १९५३ मध्ये अत्र्यांनी सिनेमा काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे पुस्तक शाळेत बक्षीस मिळालेलं असतं, आणि बरेच जण ते वाचत नाहीत. वाचा.

त्यात श्यामची आई श्यामचे गुण मोजत बसत नाही. उलट बऱ्याच रात्रींच्या गोष्टींत श्यामचं काहीतरी चुकलेलं असतं. पोहायला भितो म्हणून लपून बसतो, तर आई शिपटी घेऊन बाहेर काढते. आजच्या मेलबर्नच्या फूटपट्टीने बघितलं तर बाई नापास. पण मुलाची साक्ष काय? अख्खं पुस्तक. मुलाला त्या माराखाली माया दिसली, आणि तो तुरुंगात बसून रडत रडत ती लिहितोय.

हे फक्त आपल्याकडे नाही. १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी अमेरिकेतल्या चिनी घरांचा अभ्यास केला. अमेरिकन मोजमापात चिनी आया कडक, हुकूमशहा वगैरे ठरायच्या. चाओ म्हणाल्या, तुमच्या भाषेत शब्दच नाही. चिनीत "ग्वान" असा शब्द आहे. त्याचा अर्थ ताब्यात ठेवणं असाही होतो आणि काळजी घेणं, जीव लावणं असाही. मी हे वाचलं आणि मला लगेच मराठी शब्द आठवला: वळण. "पोराला चांगलं वळण लावलं." वळण म्हणजे धाक की माया? दोन्ही. आमच्या आजीला विचारा, तिला प्रश्नच कळणार नाही.

दुसरा एक अभ्यास २००१ चा, स्टीव्हन हाइने आणि सहकाऱ्यांचा. जपानी आणि उत्तर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं. काहींना सांगितलं छान जमलं, काहींना सांगितलं जमलं नाही. मग तसंच काम समोर ठेवून त्यांना एकटं सोडलं. उत्तर अमेरिकेतली मुलं "छान जमलं" ऐकल्यावर जास्त वेळ खपली. जपानी मुलं "जमलं नाही" ऐकल्यावर जास्त वेळ खपली. म्हणजे चूक दाखवली की एका मुलाचा हात गळतो आणि दुसऱ्याचा चालायला लागतो. ते मूल कोणत्या घरात, कोणत्या भाषेत वाढलं यावर बरंच अवलंबून आहे.

तर मग आपण कुठे बसतो? मला वाटतं आपण मधे बसतो, आणि आपली एक स्वतंत्र भानगड आहे. तिचं नाव नजर.

आपल्याकडे बाळ गोंडस दिसलं की गालावर काळी तीट लावतात. जे चांगलं आहे त्यावर डाग लावायचा, म्हणजे ते टिकेल. तेच पुढे चालू राहतं. मुलाचं कौतुक तोंडावर करायचं नाही. शेफारेल. दृष्ट लागेल. म्हणून आपले आईबाप आपल्यातलं चांगलं ओळखत नाहीत असं नाही. ओळखतात, आणि आपण सोडून सगळ्यांना सांगतात. मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आलो होतो. चहाच्या टपरीमागे उभा होतो, आणि पुढे बाबा कुणाला तरी सांगत होते: "पोरगं एकदा पाहिलं का इसरत नाही." बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तेही चोरून.

सचिन तेंडुलकरची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे घेऊन गेला. सरांसमोर सचिन बावरला, काही धड खेळला नाही. अजित सरांना म्हणाला, तुम्ही जरा लांब जाऊन, त्याला दिसणार नाही असं उभं राहून बघा. मग तो खेळला. तिथे बघणाऱ्याने लपल्यामुळे पोरगं खुललं. आमच्याकडे बघणारा आयुष्यभर लपूनच राहिला, आणि पोराला वाटत राहिलं की कुणी बघतच नाहीये.

दागिना कुणाचा

आता परत येतो.

मला एक बहीण आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. गणितात ती माझ्यापेक्षा सरस होती. हे मी आज मोठेपणा म्हणून सांगत नाहीये, घरात सगळ्यांना माहीत होतं. किराण्याच्या खात्याचा हिशेब ती करायची. बाजार समितीतून सोयाबीनची हिशेबपट्टी आली की बाबा तिच्यापुढे टाकायचे, आणि ती हमाली-तोलाई बघून सांगायची की इथे चुकलंय. बारावीला मला अडलेली गणितं तिनेच समजावली. तिचा गुण घराने ओळखला नव्हता का? ओळखला होता. वापरला नव्हता का? रोज वापरला.

पण शहरातल्या क्लासची फी एकाचीच भरता येणार होती.

वॉटर्सबाईंचा दुसरा प्रश्न, "वापरायला वाव देतात का", तो मी याच बहिणीमुळे नीट वाचला. कुणासाठी वापरायला? घरासाठी की तिच्यासाठी? मुलींच्या बाबतीत आपल्याकडे हा फरक फार जुना आहे. स्वयंपाकाला हात चांगला, हिशेब चोख, म्हाताऱ्यांचं करणारी, हे सगळं कौतुकच आहे. पण ते कौतुक मुलीला घराबाहेर नेत नाही, घरात आणखी घट्ट बांधतं. एकोणिसाव्या शतकात अनंतशास्त्र्यांनी बायकोच्या शिकण्यासाठी गाव सोडलं होतं. आमचं घर एकविसाव्या शतकातलं होतं.

हा भाग तयार करताना मी तिला फोन केला. ती आता चिखलीला असते, बचत गटाची वही तिच्याकडेच असते, आणि बँकेचा माणूसही म्हणे आकडा अडला की तिला विचारतो. मी तिला रामजींची, दागिन्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, ताई, तुला काय वाटायचं तेव्हा? ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे कुकरची शिटी झाली. मग म्हणाली, "मला वाटायचं मला काही येतच नाही. हिशेब काय, सगळ्यांनाच येत असंल."

मी म्हटलं, अगं, बाबा सगळ्यांना सांगायचे की पोरीचा हिशेब पक्का आहे.

"मले कुठं सांगितलं?"

एवढंच. मग म्हणाली भाजी करपतीये, ठेवते.

मंडळी, इतका सगळा इतिहास वाचून माझ्या हाताला जे लागलं ते हे आहे. रमाबाईंना आईने सांगितलं. बाबासाहेबांना वडिलांनी रोज सांगितलं, आणि पटलं नाही ते त्यांनी उलट सांगितलंही. नरेनला निदान आरशात बघायला सांगणारं कुणी होतं. श्यामची आई कडक होती, पण रात्री जवळ घेऊन बोलायची. पद्धती वेगवेगळ्या, पण ज्या मुलांनी पुढे आपली साक्ष लिहिली, त्या प्रत्येकाच्या कानापर्यंत काहीतरी पोचलं होतं. ज्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही, त्यांची पुस्तकंही नाहीत. रामजींच्या मुलींचंही नाही.

आईबापांना दोष देऊन हा भाग संपवायचा नाहीये. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं? माझ्या बाबांना आजोबांनी काय सांगितलं असेल हे मी कधी विचारलं नाही. आता विचारणार आहे. बाबांनी त्या काळी एकाच फीचे पैसे कसे जमवले हेही मला धड माहीत नाही. कदाचित तिथेही कुणाचा तरी दागिना असेल.

तर या वेळचं काम. दरवेळी मी तुम्हाला पुस्तक वाचायला सांगतो, या वेळी फोन करायचाय. घरातल्या अशा एका माणसाला, ज्याचा गुण सगळं घर वापरतं पण त्याला कुणी कधी सांगितलेलं नाही. आई असेल, ताई असेल, आश्रमाच्या पंगतीत ट्रॉलीवर उभा राहून अंदाजाने बरोब्बर पुऱ्या टाकणारा काका असेल. त्याला सांगा. थेट सांगा, टपरीमागून नको. तो लाजेल, विषय बदलेल, भाजी करपतीये म्हणेल. चालेल.

आणि तुमच्या घरी कुणी तुम्हाला असं सांगितलं असेल, किंवा अजून सांगितलं नसेल, तर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवतो. हा भाग ताईला पाठवलाय. तिने अजून ऐकलेला नाही, म्हणते मार्च एंड आहे, गटाचा हिशेब बंद करायचाय.

भेटू. नमस्कार.